स्कॉटलंडमध्ये व्हिस्कीची डिस्टिलरी बघायला जाताय? एकच निवडा, पण नीट बघा

उन्हाळा आला की भारतातून येणाऱ्या पाहुण्यांची लिस्ट ठरलेली असते, लंडन, मग एडिनबरा, लॉक नेस, आणि "एखादी व्हिस्कीची फॅक्टरी दाखव रे". आम्ही ग्लासगोजवळ राहतो त्यामुळे हे काम आपसूक माझ्याकडे येतं आणि आता मला त्यात मजा यायला लागलीये. पण लोक जो प्लॅन घेऊन येतात तो बघून डोक्याला हात लावायची वेळ येते. एका दिवसात चार डिस्टिलरी, मध्ये एक किल्ला, संध्याकाळी परत हॉटेल. असं करू नका. दुसऱ्या डिस्टिलरीनंतर दारू गाळायची सगळी तांब्याची भांडी सारखीच दिसायला लागतात आणि तिसरीत तर गाईड काय बोलतोय ते ऐकायचीही इच्छा राहत नाही. दिवसाला एक, फार तर दोन, आणि त्या दोन असतील तर त्यांच्यात काहीतरी फरक असलेल्या निवडा.

आधी एक गैरसमज. आपल्याकडचे बरेच काका लोक ब्लॅक लेबलवाले, म्हणजे जॉनी वॉकर पिणारे असतात आणि त्यांना "जॉनी वॉकरची डिस्टिलरी" बघायची असते. अशी एक डिस्टिलरी नाहीच. ती ब्लेंडेड व्हिस्की आहे, बऱ्याच डिस्टिलरींचा माल एकत्र करून बनते. एडिनबऱ्यात प्रिन्सेस स्ट्रीटवर 2021 मध्ये त्यांचं जे मोठं आठ मजली प्रकरण सुरू झालं ते चकाचक आहे, लाइट शो वगैरे आहे, वरती मस्त बार आहे, पण तिथे व्हिस्की बनत नाही. ते बघून "डिस्टिलरी बघितली" असं म्हणाल तर अर्धंच खरं. ब्लॅक लेबलच्या मुळाशी जायचंच असेल तर ईशान्य स्कॉटलंडमधल्या स्पेसाइड भागात कार्डू डिस्टिलरीला जा, तिथली हेलन कमिंग नावाची बाई दोनशे वर्षांपूर्वी चोरून दारू गाळायची आणि एक्साइजचे लोक आले की लाल झेंडा लावून शेजाऱ्यांना सावध करायची असं सांगतात. शिवास रीगलवाल्यांनी कीथ गावातली स्ट्रॅथआयला बघावी, 1786 ची आहे आणि दिसायलाही फार सुंदर.

पहिल्यांदाच जाताय आणि हातात एकच दिवस आहे तर कुठे जायचं? ग्लासगोत असाल तर ग्लेनगॉइन. शहरापासून साधारण पंधरा मैलांवर आहे, मागे डमगॉइनचा डोंगर, डोंगरावरून उतरणारा ओढा, पांढऱ्या भिंती, 1833 चं लायसन्स. गंमत म्हणजे हायलँड (उत्तरेचा डोंगराळ भाग) आणि लोलँड (दक्षिणेचा सखल भाग) यांच्यातली व्हिस्कीची सीमारेषा तिथल्या रस्त्यावरूनच जाते, दारू गाळतात रस्त्याच्या अलीकडे हायलँडात आणि पिंपं मुरतात रस्त्यापलीकडे लोलँडात. एडिनबऱ्यात असाल तर जवळ ग्लेनकिंची आहे, किंवा सरळ ट्रेन पकडून पिटलॉक्रीला जा, दोन तासांच्या आत पोचता, आणि स्टेशनवरून चालत जाण्यासारख्या अंतरावर ब्लेअर अथॉल आहे, 1798 ची. बाहेरचा प्रवासही मस्त, गाव छोटं आणि टुमदार, ज्यांना दारूत इंटरेस्ट नाही त्यांचाही वेळ छान जातो. आयला बेटाचं नाव तुम्ही ऐकलं असेल, लाफ्रॉइग, लागावुलिन, आर्डबेग सगळं तिकडे, पोर्ट एलन गावातून तिन्हींना जोडणारी पायवाट आहे आणि ती माझ्या मते स्कॉटलंडमधली सगळ्यात भारी चाल आहे, पण तिथे जायला केनाक्रेगवरून दोन-सव्वादोन तासांची फेरीबोट लागते, म्हणजे ग्लासगोवरून आधी गाडीने तीनेक तास आणि मग बोट. दोन रात्री हातात नसतील तर त्या भानगडीत पडू नका.

गाडीचा मुद्दा आलाच आहे तर तो आत्ताच संपवतो. जो चालवणार तो पिणार नाही, एक घोटही नाही. स्कॉटलंडची लिमिट इंग्लंडपेक्षा कडक आहे, डिसेंबर 2014 पासून इथे 100 मिलिलीटर रक्तात 50 मिलिग्रॅम, इंग्लंडमध्ये अजून 80. आपल्याकडे तर 30 आहे, पण ते जाऊ दे. टेस्टिंगचे तीन-चार ग्लास छोटे दिसतात म्हणून "एवढ्याने काय होतंय" असं वाटतं, होतं, कारण त्यातला एखादा कास्क स्ट्रेंथ म्हणजे पाणी न मिसळलेला, 55-60 टक्क्यांचा असू शकतो. डिस्टिलरीवाले ड्रायव्हरचा वाटा छोट्या बाटल्यांमध्ये भरून देतात, रात्री हॉटेलवर बसून आरामात घ्या, त्याला काही कमीपणा नाही. आणि शक्यतो ट्रेन किंवा बस असलेलीच जागा निवडा म्हणजे हा वादच नको.

बुकिंग ऑनलाइन आणि आधी. जून ते सप्टेंबर ऐनवेळी जाऊन तिकीट मिळेल हा भ्रम आहे. साधी टूर साधारण तासाभराची, जागेप्रमाणे 15 ते 25 पाउंडांच्या आसपास, त्यात दोन-तीन व्हिस्की चाखायला. वरच्या लेव्हलच्या टूर असतात, वेअरहाऊसमध्ये बसून थेट पिंपातून काढून देतात, त्या महाग असतात, पन्नास-शंभर पाउंड किंवा वर. माझं मत विचाराल तर दोन साध्या टूर करण्यापेक्षा एक वेअरहाऊसवाली करा, पैसे जरा जास्त जातात पण मिळतंही खूप जास्त. बुक करताना दोन गोष्टी ईमेल करून विचारा. एक, त्या तारखेला प्रॉडक्शन चालू आहे का, कारण बऱ्याच डिस्टिलरी वर्षातून काही आठवडे मेंटेनन्ससाठी बंद असतात आणि ते नेमके उन्हाळ्यात, टूर चालू असते, पैसेही तेवढेच, पण भांडी थंड, वास नाही, आवाज नाही, म्हणजे निम्मी मजा गेली. दुसरं, मुलं बरोबर असतील तर वयाची अट काय, अनेक ठिकाणी 8 वर्षांखालच्यांना प्रॉडक्शनच्या भागात घेत नाहीत. चाखायला अर्थातच 18 पूर्ण पाहिजेत. तुमचा इथे शिकणारा 20 वर्षांचा भाचा इथे कायदेशीर व्हिस्की पिऊ शकतो आणि महाराष्ट्रात गेला की त्याला 25 पर्यंत थांबावं लागतं, हे ऐकून एका मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आई-बाबा बरोबर असतील तर जिन्यांचं विचारून घ्या. आत लोखंडी जाळीच्या पायऱ्या असतात, खालचं दिसतं, ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांना उंचीची भीती आहे त्यांना ते नको होतं. सपाट बूट घाला, टाचा जाळीत अडकतात, साडी असेल तर जरा वर खोचा. आणि जॅकेट जूनमध्येही न्या, भांड्यांच्या खोलीत घाम फुटतो आणि पाच मिनिटांनी वेअरहाऊसमध्ये दात वाजतात. परफ्यूम, अत्तर, आफ्टरशेव त्या दिवशी नको, तुमचंही नाक मरतं आणि शेजारच्याचंही. पान मसाला, मिंट, च्युइंगम तासभर आधीपासून बंद. नाश्ता मात्र दणकून करा. सकाळी अकराची टूर रिकाम्या पोटी केलेली माणसं दुपारी बसमध्ये कशी झोपतात ते मी पाहिलंय.

आता आत गेल्यावर. टूर बहुतेक सगळीकडे त्याच क्रमाने जाते, बार्ली म्हणजे जव, मग दळणं, मग गरम पाणी, मग आंबवणं, मग दोनदा गाळणं, मग पिंप. पहिला भाग चटकन जातो, मोड आणून वाळवलेलं धान्य आता बहुतेक डिस्टिलरी बाहेरूनच विकत घेतात. स्वतः जमिनीवर पसरून उलटंपालटं करणारे अजूनही आहेत, लाफ्रॉइग, बोमोर, किलहोमन, बाल्व्हेनी, स्प्रिंगबँक वगैरे, तेही त्यातले बरेच जण फक्त गरजेचा काही भाग. तिथे गेलात तर मूठभर धान्य खायला मागा, गोडसर कुरकुरीत लागतं, आणि पीट (दलदलीतली वाळवलेली माती) जाळून वाळवलेलं असेल तर धूर थेट जिभेवर येतो. व्हिस्कीतला तो धुराचा, औषधी वास पाण्यातून येतो असं अनेकांना वाटतं, तसं नाही, मुख्यतः तो या धान्य वाळवण्याच्या वेळीच लागतो. ग्लेनगॉइनला अजिबात पीट वापरत नाहीत, धान्य नुसत्या गरम हवेवर वाळवलेलं, त्यामुळे तिथे तो वास शोधत बसू नका.

माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे आंबवण्याची खोली. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी उंच लाकडी किंवा स्टीलची टाकी, त्यात धान्याचं गोड पाणी आणि यीस्ट, दोन ते चार दिवस खदखदत असतं. गाईड एकाचं झाकण उचलतो आणि म्हणतो वास घ्या. हळूच घ्या! नाक थेट आत घातलं तर कार्बन डायऑक्साइडचा असा झटका बसतो की डोळ्यात पाणी येतं आणि माणूस दोन पावलं मागे जातो, गाईड लोकांचा हा आवडता खेळ आहे. त्यापेक्षा तोंड टाकीपासून हातभर लांब ठेवा आणि तळहाताने हवा आपल्याकडे ओढा. कालच सुरू केलेल्या टाकीला गरम ब्रेडसारखा वास असतो, तीन दिवसांच्या टाकीला आंबट, पिकलेल्या फळांचा, कधी चक्क केळ्याचा. दोन्ही टाक्या दाखवा म्हणून सांगा, बहुतेक गाईड खूश होऊन दाखवतात. या स्टेजला ते म्हणजे 8 टक्क्यांच्या आसपासची बिना हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) बिअर आहे, काही ठिकाणी घोटभर चाखायलाही देतात. इथे विचारण्यासारखा एकच प्रश्न, किती तास आंबवता? पन्नास तासांवाला माल धान्यासारखा आणि जरा रोखठोक लागतो, नव्वद-शंभर तासांवाला फळांसारखा. हा आकडा लक्षात ठेवा, नंतर ग्लासात त्याचा पडताळा येतो.

पुढे तांब्याची भांडी. फोटो सगळ्यांना इथेच काढायचे असतात आणि नेमकं इथेच मोबाइल बंद ठेवायला सांगू शकतात, कारण हवेत अल्कोहोलची वाफ असते. काही ठिकाणी आता चालतं, काही ठिकाणी अजिबात नाही. विचारा आणि नाही म्हणाले तर हुज्जत घालू नका. तांबं का, तर ते वाफेतला गंधकाचा उग्र वास काढून घेतं. भांड्याची मान उंच असेल तर हलकीच वाफ वरपर्यंत पोचते आणि व्हिस्की नाजूक होते, मान बुटकी असेल तर जडशीळ तेलकट माल येतो. ग्लेनमोरेंजीची भांडी पाच मीटरच्या वर आहेत, जिराफाएवढी असं तेच सांगतात. पहिल्या गाळण्यात 20-25 टक्क्यांचा माल, दुसऱ्यात 70 च्या आसपास. दुसऱ्या गाळण्याचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग वेगळा काढतात, मधलाच घेतात, तो कुठे सुरू करायचा आणि कुठे तोडायचा हे ठरवणं म्हणजे त्या डिस्टिलरीचा स्वभाव. हे सगळं घडतं एका काचेच्या पितळी चौकटीच्या पेटीत, तिला कुलूप असतं, पूर्वी त्याची किल्ली एक्साइजच्या माणसाकडे असायची, म्हणजे दारू बनवणाऱ्यालाच स्वतःच्या दारूला हात लावता यायचा नाही. सरकारी डोकं सगळीकडे सारखंच.

इथे गाईड कधी कधी ताज्या गाळलेल्या दारूचे दोन थेंब तळहातावर देतो. पिऊ नका, चोळा आणि वास घ्या. पाण्यासारखी पारदर्शक असते. तिला व्हिस्की म्हणतच नाहीत, कायद्याने ओकच्या पिंपात स्कॉटलंडमध्येच किमान 3 वर्षं मुरल्याशिवाय स्कॉच नाव लावता येत नाही.

वेअरहाऊसमध्ये मात्र पाय रेंगाळू द्या. जुन्या पद्धतीचं असेल तर खाली मातीची जमीन, दगडी जाड भिंती, पिंपं तीनच थरांत, आणि वासाचं काय सांगू, ओलं लाकूड, मनुका, व्हॅनिला, जरा बुरशी. पिंपांवरचे आकडे वाचा, कुठल्या साली भरलं, किती लिटर, आधी त्यात काय होतं. छोटी पिंपं बहुतेक अमेरिकेतून येतात, 200 लिटरची, कारण तिकडे बर्बन ही त्यांची व्हिस्की नव्या कोऱ्या, आतून जाळलेल्या पिंपातच भरायचा कायदा आहे, मग वापरलेलं पिंप त्यांच्या कामाचं नाही आणि स्कॉटलंडवाल्यांना तेच हवं असतं. मोठी 500 लिटरची शेरीची (ही स्पेनची वाइन), त्यातली व्हिस्की गडद आणि सुकामेव्यासारखी. दरवर्षी पिंपातून साधारण 2 टक्के माल उडून जातो. याला एंजल्स शेअर म्हणतात, देवदूतांचा हिस्सा. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे, तिथे हाच हिस्सा 8 टक्क्यांच्या घरात जातो, उकाडाच तेवढा आहे, म्हणून आपल्याकडची सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत नुसत्या जवापासून बनलेली व्हिस्की) कमी वर्षांत तयार होते आणि बाटलीवर 18-20 वर्षं असं सहसा दिसत नाही. त्यांच्याकडेही टूर होते, साउथ गोव्याला जाणं झालं तर ही स्कॉटलंडची टूर डोक्यात ताजी असताना ती करा, हवामानाने काय फरक पडतो ते लगेच कळतं.

आता टेस्टिंग, ज्यासाठी सगळे आलेले असतात. हे बसणं नाही हो. चकणा नाही, सोडा नाही, बर्फ मागितला तर देतील पण त्या दिवशी नका मागू. समोर मधे फुगीर आणि वर निमुळते होत जाणारे ग्लास येतील, प्रत्येकात 10-15 मिली, आपला एक लहान पेग 30 चा त्यामुळे पहिली प्रतिक्रिया "एवढंच?" अशी येते आणि ती मराठीत मोठ्याने येते. आधी रंग बघा पण त्यावर भाळू नका, स्कॉचमध्ये कॅरमल कलर टाकायची परवानगी आहे. ग्लास नाकापासून थोडा लांब, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, तोंड बंद ठेवून खोल श्वास घेतलात तर नुसतं अल्कोहोल चढेल. मग छोटा घोट, लगेच गिळायचा नाही, जिभेवर फिरवायचा, पाच-सहा सेकंद. पहिला घोट तोंडाला भाजल्यासारखाच वाटतो, त्यावरून मत बनवू नका, दुसऱ्या घोटाला खरी चव कळते. मग ड्रॉपरने पाण्याचे दोन-तीन थेंब आणि परत वास. हा प्रयोग न चुकता करा, तीच व्हिस्की थेंबभर पाण्याने अशी उघडते की शेजारचा न पिणाराही वास घेऊन मान डोलावतो.

गाईड म्हणेल हेदर हनी, ऑर्चर्ड फ्रूट, टॉफी. तुम्हाला तसलं काही येत नसेल तर गडबडू नका, हेदर म्हणजे इथल्या डोंगरावरचं जांभळ्या फुलांचं झुडूप, त्याचा मध आपण खाल्लेलाच नसतो. तुम्हाला काकवी, सुंठ, ओल्या खोबऱ्याची बर्फी, नवीन चामडी चप्पल, डॉक्टरांच्या दवाखान्यातलं आयोडीन, जे काय येतंय ते बोला. आमच्या एका मावशींनी, ज्या पीत नाहीत, नुसता वास घेऊन "यात जायफळ आहे" असं सांगितलं आणि गाईड म्हणाला शेरीच्या पिंपाबद्दल बरेच जण हेच सांगतात. न पिणाऱ्यांना घरी बसवू नका ते यासाठी, नाक त्यांचं जास्त चांगलं चालतं. क्रम गाईड लावून देतोच, हलकी आधी, धुराची शेवटी. उलट केलंत तर पुढची कुठलीच कळणार नाही. न आवडलेली तशीच ठेवली तर कोणी रागवत नाही, थुंकायला भांडं असतं. एक्स्ट्रा पेग मागणं, ग्लास गोळा करून एकात ओतणं, गाईडच्या बोलण्यात मोठमोठ्याने गप्पा, हे प्रकार कृपया नको. टिप द्यायलाच हवी असं नाही, गाईडने जीव ओतून दाखवलं असेल तर द्या.

मग दुकान. इथे हात आवरा. जी बाटली मुंबईच्या ड्युटी फ्रीला मिळते ती इथून ओझं करून नेण्यात अर्थ नाही, बऱ्याचदा इथे महागच पडते, आणि परदेशी पाहुण्यांना टॅक्स परत मिळायची सोय 2021 पासून बंद झालीये त्यामुळे बिल घेऊन एअरपोर्टवर खिडकी शोधत फिरू नका. घ्यायची तर फक्त तिथेच मिळणारी घ्या, काही ठिकाणी एकाच पिंपातून स्वतःच्या हाताने बाटली भरता येते, तुमचं नाव रजिस्टरमध्ये लिहिता, भेट म्हणून त्याला तोड नाही. बाटली चेक-इन बॅगेत, दोन जीन्सच्या मधोमध. 70 टक्क्यांवरची दारू विमानात चालत नाही, कास्क स्ट्रेंथ सहसा त्याच्या खालीच असते पण लेबल बघून घ्या.

आणि हिशोब नीट करा. भारतात माणशी 2 लिटरपर्यंत ड्युटी लागत नाही, पण इथली बाटली 750 ची नसते, 700 ची असते. तीन घेतल्या की 2.1 लिटर होतात, म्हणजे वरच्या शंभर मिलीसाठी कस्टमवाल्याशी बोलत बसा. दोन मोठ्या आणि 200 मिलीच्या तीन छोट्या घेतल्या की बरोबर 2 लिटर, छोट्या वाटायलाही बऱ्या पडतात.